समन्सच्या मागची बाजू

४ मार्च

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे, याला दोन कारणं. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही स्वतःच्या मनाने भरता, हे एक. दुसरं म्हणजे मागायचं आहे ते काम याद्यांचं आणि आकड्यांचं आहे, ते कागदावरच बरं.

माझा लेख परत आला. फेटाळलेला नाही, पण मला रडायला तेवढंही पुरलं. कायद्याच्या त्या नियतकालिकाच्या संपादकांनी लिहिलंय : ‘विषय महत्त्वाचा आहे, मात्र लेखकाने केवळ नोंदवहीवर विसंबून निष्कर्ष काढले आहेत. निदान तीस समन्सचे मूळ कागद, मागच्या शेऱ्यासह, तपासल्याखेरीज लेख परीक्षकांकडे पाठवता येणार नाही. मुदत ३१ मार्च.’

सोबत लेखाची एक प्रत ठेवली आहे. आई विचारेल, पोरगी एवढं काय लिहितेय, म्हणून तिला सांगायला सोपं करून लिहिते. कुणी खटला भरला की कोर्ट समोरच्याला समन्स पाठवतं. बेलीफ ते घेऊन दारात जातो. माणसाने कागद घेतलाच नाही तर बेलीफ समन्सच्या मागे ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतो, खाली दोन पंच सह्या करतात, आणि कायदा म्हणतो की कागद पोहोचला. मग त्या माणसाशिवाय खटला चालतो आणि तो हरतो. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या कोर्टाच्या नोंदवहीत मी घर रिकामं करायला लावणारे असे २१४ एकतर्फी निकाल मोजले. त्यातले १३१ ‘घेण्यास नकार’. आणि त्यातले ८८ एकाच वॉर्डातले, आपल्या टेकडीच्या, एकाच बेलिफाच्या हातचे. बेलीफ क्रमांक चार.

मामा, शेजाऱ्याचं टपालसुद्धा जपून ठेवणारी माणसं आहेत ती. त्यातली अठ्ठ्याऐंशी माणसं कोर्टाचा कागद बघून दार लावून घेतील? लेखात मी म्हटलंय की बेलीफ दारापर्यंत गेलाच नाही आणि पंच तर अस्तित्वातच नव्हते. शिवणकाकूंना आठवा. त्यांचं सामान रस्त्यावर आलं तेव्हा मी सात वर्षांची होते. आठ दिवस त्या आपल्या पडवीत होत्या, त्यांच्या मशिनखाली बसून मी पाढे लिहिले. ‘मला कागदच आला नाही गं,’ एवढंच त्या आईला सांगत राहायच्या. माझा लेख तिथे सुरू झाला, ग्रंथालयात नाही.

तुमच्याकडून एवढंच हवंय. रेकॉर्ड रूममध्ये बाहेरच्यांना सोडत नाहीत, पण तुम्ही तिथले जुने बेलीफ. रेकॉर्डकीपर काका तुमचे मित्र. यादी जोडली आहे, तीस खटल्यांची. प्रत्येक समन्सच्या मागच्या बाजूची झेरॉक्स हवी. १ एप्रिलला हे जुने कागद लगद्यासाठी जाणार आहेत, म्हणजे तारीख चुकली तर पुरावाच उरणार नाही. जूनमध्ये इथल्या कॉलेजात कायम जागेची मुलाखत आहे, आणि एक लेख परीक्षकांकडे गेलेला असल्याशिवाय मला आत बसूही देणार नाहीत. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, ‘तासावरची मास्तरीण म्हणून म्हातारी होशील.’ घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला टेकडीभर मिरवलीत, आता हे एवढं करा.

आणि हो, बेलीफ क्रमांक चार कोण होता हो? तुमच्या बिल्ल्यावर तर सात होता ना?

तुमची,
बॅरिस्टर


८ मार्च

चि. बॅरिस्टर हिस अनेक आशीर्वाद.

पत्र आणि लेख पोचला. लेख वजनाला बरा भरला. तुझी आई म्हणाली, एवढा जाड कागद आला म्हणजे कुणाचं तरी काहीतरी जप्त झालं. मी म्हटलं, नाही गं बाई, तुझ्या लेकीने लिहिलाय. मग तिने पुसून फडताळात ठेवला. तिचा गुडघा बरा आहे. तुझ्या तब्येतीचं विचारते. जेवतेस का, ते लिही.

आता तुझ्या कामाचं. बेलिफाचे नंबर बिल्ल्यांचे असतात, माणसांचे नसतात. बिल्ले फिरायचे. आज याच्याकडे चार, उद्या त्याच्याकडे. आता कुणाला आठवणार? आणि अगं, तू आकडे मोजलेस, पण दिवस मोजले नाहीस. एक सायकल, दिवसाला चाळीस कागद, टेकडीला पायऱ्या दोनशे. वर जावं तर माणूस कामावर गेलेला. संध्याकाळी जावं तर दुसऱ्या वॉर्डातला राहिला. साहेब म्हणणार, कागद परत आला की तुझा पगार परत. हे कुठल्या तळटिपेत लिहिणार?

मला वाटतं तू विषय बदलावास. हल्ली लोक ग्राहकांच्या तक्रारींवर लिहितात म्हणे, त्यात कुणाचं काही दुखावत नाही. जुन्या कागदांत धुळीशिवाय काही नसतं. तरी गुडघे साथ देतील तसं रेकॉर्डला जाऊन बघतो. वचन देत नाही.

मामा


११ मार्च

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

विषय बदला म्हणता? दोन वर्षं, मामा. शब्दमर्यादा नऊ हजार, माझे झाले होते अकरा हजार चारशे. रोज दुपारी ग्रंथालयातल्या खिडकीखालच्या टेबलावर बसून मी स्वतःचीच वाक्यं मारते आहे. काकूंवरचं अख्खं पान काल काढलं. बाई म्हणाल्या, ‘कायद्याच्या लेखात आठवणी शोभत नाहीत, तळटीप दे.’ तळटिपा १६३ आहेत. प्रत्येकीत खटल्याचं वर्ष आधी की क्रमांक आधी, स्वल्पविराम कुठे, पूर्णविरामानंतर आकडा की आधी, यासाठी त्यांची बावीस पानी नियमावली आहे. ती मला तोंडपाठ आहे आणि तिच्याबद्दल स्वप्नंही पडतात. परवा मी फळवाल्याकडे हिशेब विचारताना ‘उक्त’ म्हणाले, म्हणजे ‘वर सांगितल्याप्रमाणे’. तो म्हणाला, ‘ताई, उक्त नाही, सगळे ताजे आहेत.’

हसू आलं ना? मला आलं नाही. मी तिथेच उभी राहून रडले. त्याने एक फळ जास्त दिलं.

आणखी एक नियम आहे. लेखावर माझं नाव कुठेच असता कामा नये. परीक्षकांना कळू नये की लिहिणारा कोण, पुरुष की बाई, कुणाचा कोण. आजवर आपल्या घरातल्या कुणाचंच नाव कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि माझं येईल तेव्हासुद्धा आधी पुसूनच पाठवायचं. पण मला ते आवडतं, मामा. कागद एकटाच उभा राहतो. खरा असला तर राहतो, नाहीतर पडतो.

म्हणून तो खरा हवा. पाया पडते, रेकॉर्डला जा. वीस दिवस राहिले. जेवते आहे, आईला सांगा.

बॅरिस्टर


१५ मार्च

चि. बॅरिस्टर हिस आशीर्वाद.

जाऊन आलो. तीन फेऱ्या झाल्या. रेकॉर्डकीपरने स्टुलावर चढून गठ्ठे काढले आणि दर गठ्ठ्याला एक शिंक दिली. झेरॉक्स कोर्टासमोरच्या दुकानात काढल्या. सोबत पाठवल्या आहेत. शेरे स्पष्ट दिसतात. ‘घेण्यास नकार’, ‘घेण्यास नकार’, वाचून वाचून माझीच जेवायची इच्छा गेली.

झालं तुझं काम. आता पाठवून टाक आणि दोन दिवस झोप काढ. पंचांच्या सह्या वाचता येण्याजोग्या नाहीत, तेव्हा त्यांच्या मागे लागू नकोस.

मामा


१८ मार्च

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

पाकीट फोडलं तेव्हा मी जिन्यातच बसले आणि कागद छातीशी धरले. मग वर जाऊन एकेक टेबलावर मांडला.

मामा, प्रत्येक झेरॉक्स खालून तोकडी आहे. शेरा आहे, तारीख आहे, ‘दोन पंचांसमक्ष’ आहे आणि त्याच्या खाली काहीच नाही. मी पट्टीने मोजलं, सगळीकडे बरोबर तीन बोटं. मूळ कागद दुमडून मशिनवर ठेवला की असं होतं. दुकानदाराने घाईत केलं असेल, पण एकोणतीस वेळा एकाच जागी घडी?

एकोणतीसच, कारण यादीतला सत्ताविसावा कागद पाकिटात नाही. तो काकूंचा आहे.

मला पंचच हवे आहेत. नियम सांगतो, पंच त्याच भागातले हवेत. दोन खोटी नावं लिहून, वाकड्यातिकड्या सह्या ठोकून कुणीतरी अठ्ठ्याऐंशी घरं रिकामी केली, हे माझ्या लेखाचं काळीज आहे. चौथ्या भागाला मी मथळाच दिलाय : ‘काल्पनिक साक्षीदार’. सह्या न बघता हे छापलं तर मीसुद्धा दारापर्यंत न जाता शेरा मारणारीच ठरेन.

तुम्हाला पुन्हा पायऱ्या चढायला लावत नाही. रेकॉर्डकीपर काकांना मी वेगळं पत्र टाकलंय, फक्त सत्ताविसाव्यासाठी. राग मानू नका. माझ्याकडे तेराच दिवस आहेत.

बॅरिस्टर


२१ मार्च

चि. बॅरिस्टर,

राग मानू नका म्हणतेस आणि मला वगळून माझ्याच मित्राला पत्र टाकतेस. चौतीस वर्षं मी त्या इमारतीत काढली. मला न विचारता तिथे कुणी खिळाही काढला नाही. तू कागद मागितलेस, मी दिले. आता घडी मोजतेस? उद्या माझी नाडी मोजशील.

शेऱ्यांबद्दल लिही. साहेबांबद्दल लिही, पगाराबद्दल लिही, सायकलीबद्दल लिही. बेलीफ चोर होते असं लिही हवं तर, मी काही म्हणणार नाही. पण पंचांचं नको. पंचांचं काय असतं? येणाराजाणारा, बोलावलं म्हणून आला, सही केली, गेला. त्यांना पकडून कुणाचं भलं होणार आहे?

तुझं भलं व्हावं म्हणून सांगतो. तुझी आई रोज विचारते, लेकीचा लेख गेला का. मी काय सांगू तिला? बाई, माझं एवढं ऐक. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

मामा


२३ मार्च

मामा,

सत्ताविसावा कागद आला. पूर्ण, खालच्या तीन बोटांसकट.

पहिली सही कोर्टातल्या पाणक्याची असावी. दुसरी मी ओळखते. कॉलेजच्या प्रवेश अर्जावर ‘पालकाची सही’ या चौकटीत ती आहे. वसतिगृहाच्या अर्जावर आहे. बाबा गेल्यावर बँकेच्या कार्डावर आहे. शेवटचं अक्षर लिहून झालं की पेन उचलायचं राहून जातं आणि रेघ खाली घसरते, तशी जगात एकच सही आहे. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, जीभ दाताखाली धरून.

आणि वर बेलिफाचं अक्षर. पाकिटावर माझा पत्ता लिहिता त्याच हाताचं. चार नंबर तुमचाच होता.

लेख पाठवत नाहीये. ‘काल्पनिक साक्षीदार’ लिहिलं तर ते खोटं आहे, हे आता मला माहीत आहे. खरं लिहिलं तर ती आई आहे. दोन्ही लिहिता येत नाही. आज बाईंना सांगून आले की मुलाखतीला माझं नाव देऊ नका. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं, पुरावा कमी पडला.

झेरॉक्स तुमच्याकडे परत पाठवते आहे. माझ्या खोलीत ती ठेवायची मला ताकद नाही.


२७ मार्च

चि. बॅरिस्टर,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, दुपारच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो. संध्याकाळी स्टँडवर जाऊन घे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. पाकीट तुझ्या आईने घेतलं. फोडून बघायची तिला सवय आहे, अक्षर लागत नसलं तरी तुझ्या पत्राची घडी ती आधी मोडते. आतून झेरॉक्स पडली. तिला अ आ येत नाही, पण स्वतःची सही वाचता येते. ती कागद घेऊन माझ्यासमोर आली आणि म्हणाली, ‘दादा, ही माझी सही इथं कशी?’ एका गालाला साबण तसाच होता.

मी सांगितलं. आता तुलाही सांगतो. जे सांगतोय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पंच त्याच भागातला हवा. पण शेजाऱ्याविरुद्ध कोण सही करणार? मी दारोदार विचारायचो, लोक दार लावायचे. तुझी आई तेव्हा सही शिकत होती. मीच शिकवत होतो, रद्दी फॉर्मच्या मागच्या बाजूला. एक दिवस रद्दी संपली आणि पिशवीत खरे कागद होते. म्हटलं, इथे कर. तिने केली. छान आली. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, ‘आज नाहीत का कागद?’ अंगठ्यातून सुटल्याचा तिला एवढा आनंद होता की ती धुणं टाकून सही करायला बसायची. काय लिहिलंय हे तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सरकारी कामाला मदत होते, एवढंच म्हणालो.

शिवणवालीच्या दारी मी गेलोच नाही. तिने माझ्या दोन खाकी सदऱ्यांना काजं करून दिली होती, पैसे न घेता. त्याच हातात घर सोडायचा कागद कसा ठेवू? म्हणून पायरीवर बसलो, ‘घेण्यास नकार’ लिहिलं आणि घरी येऊन बहिणीची सही घेतली. वाटलं, मालक वर्षभर तरी काही करणार नाही. त्याने तीन महिन्यांत कुलूप तोडलं. आठ दिवस ती आपल्या पडवीत झोपली आणि तुझी आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. ते मी दारातून बघितलं आहे. त्यानंतर मी बिल्ला बदलून घेतला. सात नंबर.

तुझ्या आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, ‘पोरीने काय लिहिलंय ते वाच.’ मी म्हटलं, मोठं आहे. ‘मग आत्ताच सुरू कर.’ सकाळी नऊला बसलो, दिवेलागणीला संपलं. तळटिपासुद्धा सोडू दिल्या नाहीत. पन्नासाव्याला म्हणाली, ‘माणसाला दोन पाय पुरतात, हिच्या लेखाला किती?’ मी हसलो तर माझ्याकडे असं बघितलं की पुढच्या एकशे तेरा मुकाट वाचल्या. चौथ्या भागाशी आल्यावर मला थांबवलं. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, एक अक्षर बदललं नाही :

‘तिला लिही, काल्पनिक कोण? मी होते. हाताने सही केली, डोळ्यांनी बघितली. नव्हते असं लिहून मला सोडवू नकोस. लिहायचं तर असं लिही की बाई होती, खरी होती, आणि कागदावर काय आहे ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही. वाचून दाखवलं असतं तर पेन मोडलं असतं तिनं. आणि मुलाखतीला नाव दे. आईची लाज वाटते म्हणून पोरगी घरी बसली, असं मला टेकडीवर ऐकायचं नाही.’

तुझ्या लेखासोबत संमतीचा कोरा फॉर्म होता ना, ज्याची साक्ष घ्यायची त्याचा? मी तो तिच्यापुढे ठेवला. तिने हात मागे घेतला. म्हणाली, ‘आधी शिवणवालीकडे जाऊन येते.’

गेली. काल सकाळी, दोनशे पायऱ्या, त्या गुडघ्याने. मला बरोबर घेतलं नाही. मी खाली नळापाशी उभा होतो. दीड तासाने उतरली. काय झालं विचारलं तर म्हणे, सगळं सांगितलं. शिवणवालीने मशिन थांबवलं नाही. शिवण संपली, दोरा तोडला, मग म्हणाली, ‘कोर्टात म्हणाले, तू कागद नाकारलास. मी अठरा वर्षं समजत होते की मीच कुठला तरी कागद नको म्हटला असेन. कामाच्या घाईत. माझ्या तोंडाने मीच घर घालवलं, असंच धरून चालले होते.’ चहा झाला नाही. निघताना ती म्हणाली, ‘पोरीला सांग, हे लिही.’ आणि मी मात्र वर यायचं नाही, असा निरोप आहे. तो मी घेतला. नकार दिला नाही.

फॉर्म सोबत आहेत, दोन. एक तिचा. तो मी तिला तीनदा वाचून दाखवला, तिने तिसऱ्यांदा मध्ये थांबवून प्रश्न विचारला, मग सही केली. दुसरा माझा, त्याच कोऱ्या फॉर्मची झेरॉक्स काढून. बेलीफ क्रमांक चार, निवृत्त. पेन्शनचं काय व्हायचं ते होवो. बाकीचे एकोणतीस कागद आज पुन्हा काढले, न दुमडता.

मामा


३१ मार्च

ती. मामा,

साष्टांग नमस्कार लिहायला हात वळत नाही अजून. नुसता नमस्कार घ्या. राग गेलेला नाही, पण पत्र तुम्हालाच लिहावं लागतं, कारण आईला वाचून दाखवणारे तुम्हीच आहात.

लेख गेला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. पाचला मुदत संपत होती.

तीन दिवसांत चौथा भाग अख्खा पाडून नव्याने बांधला. ‘काल्पनिक साक्षीदार’ गेलं. आता मथळा आहे : ‘न वाचलेली साक्ष’. पूर्वी मी शेवटी सुचवलं होतं की खोट्या पंचांना शिक्षा करा. आता एकच सुचवलंय, की पंचाला शेरा वाचून दाखवल्याशिवाय त्याची सही ग्राह्य धरू नये. आईने जे सांगितलं तेच, फक्त त्यात ‘पेन मोडलं असतं’ नाही. बाईंनी सगळं वाचलं. मुलाखतीच्या यादीतून माझं नाव त्यांनी काढलंच नव्हतं. ‘मला वाटलंच होतं, पुरावा कमी नसणार, जास्त झाला असणार,’ म्हणाल्या.

लेख स्वीकारतील की नाही, मला माहीत नाही. परीक्षकांना तीन महिने लागतात. कदाचित म्हणतील, एका वॉर्डावरून काय ठरतं. मुलाखत तोवर होऊन जाईल. हे लिहिताना भीती वाटते. पण ही भीती मागच्या आठवड्यातली नाही.

एक गोष्ट आईला नीट समजावा. लेखात तिचं नाव नाही. ती ‘साक्षीदार अ’ आहे. तुम्ही ‘बेलीफ चार’, काकू ‘प्रतिवादी २७’. आणि ती माझी आई आहे, हे कुठेच नाही, कारण लिहिणारी कोण हेच कुणाला कळता कामा नये. ‘अ’शी माझं काय नातं, ते संपादकांना वेगळ्या बंद पाकिटात कळवलं, तसा नियमच आहे. एवढी नऊ हजार शब्दांची पोथी, तीन माणसं घरातली, आणि त्यात आम्ही एकमेकींच्या कुणीच नाही. ते टाइप करताना मला सगळ्यात जास्त त्रास झाला. स्वल्पविरामांपेक्षासुद्धा.

तळटिपा आता १६४. शेवटची तिला वाचून दाखवा :

‘१६४. प्रतिवादी २७ हिची मुलाखत साक्षीदार अ हिने घेतली. समन्स कधीच पोहोचले नसताना आपणच ते नाकारले असावे, अशी प्रतिवादीची अठरा वर्षे समजूत होती. ही हानी कोणत्याही हुकूमनाम्यात नोंदलेली नाही.’

बाई म्हणाल्या होत्या, कायद्याच्या लेखात आठवणी शोभत नाहीत. ही त्यांनी ठेवली.

मामा, हे पत्र तिला पूर्ण वाचून दाखवा. तुमच्यावर रागावले आहे तो भागही. घडी घालू नका. वाचून झालं की पत्राच्या मागच्या बाजूला तिची सही घ्या आणि पत्र मला परत पाठवा. शेरा लिहू नका, पंच नकोत. नुसती सही. रेघ खाली घसरली तरी चालेल.

बॅरिस्टर